पिएदादची मिशी

सहासष्ट साली आमचा विनोदी नट जोकिम आगबोटीवर नोकरीला लागला, आणि तेही न सांगता. रविवारी तो तालमीला आला नाही म्हणून आमच्या कंपनीच्या मालकानं, रुझारनं, त्याच्या घरी माणूस पाठवला, तर आई म्हणाली, "काल मुंबईला गेला. आता बसऱ्याहून पत्र टाकतो म्हणालाय." असोळण्याच्या चर्चचं फेस्त तीन आठवड्यांवर आलेलं, पत्रकं छापून वाटून झालेली, आणि आमच्या तियात्रातला, म्हणजे कोंकणी नाटकातला, नवराच पळालेला.

मी त्या कंपनीत ट्रंपेट वाजवायचो. दिवसा चिंचिणीच्या पंचायतीत कारकून, संध्याकाळी बँडवाला. रुझार धंद्यानं शिंपी. गिऱ्हाइकांचे कपडे बेतताना त्याला तियात्रं सुचायची आणि तो खडूनं कापडावरच संवाद लिहून ठेवायचा. गावात बऱ्याच जणांच्या कोटाच्या अस्तराला आतून एखादं वाक्य होतं. कंपनीत आम्ही सगळे त्याला पात्रांव म्हणायचो, कारण मालक तोच, लेखक तोच आणि पडदा ओढणाराही तोच.

जोकिमच्या जागी कुणी मिळतो का म्हणून पात्रांवनं चहूकडे निरोप धाडले. आठवड्यानं बेतूलहून एक पत्र आलं. तिथल्या चॅपेलात मेणबत्त्या लावणाऱ्या म्हाताऱ्यानं लिहिलेलं. पोर्तुगीज जाऊन पाच वर्षं झाली होती, पण या म्हाताऱ्याच्या मते पत्र लिहायची भाषा तीच. पात्रांवनं आम्हाला ते मोठ्यानं वाचून दाखवलं: "आमच्या गावात पिएदाद आहे. उत्तम गातो. आवाज नदीच्या पलीकडे पोचतो. नकला अशा करतो की माणसाला बसायला जागा शोधावी लागते."

आता पिएदाद हे नाव आमच्यात बाप्यालाही ठेवतात आणि बाईलाही. आणि पोर्तुगीजमध्ये 'गातो' आणि 'गाते' याला एकच शब्द. पात्रांवनं आपल्या गरजेप्रमाणे 'गातो' वाचलं. नवऱ्याचा पार्ट स्वच्छ अक्षरात उतरवून त्यानं उलट टपालानं बेतूलला पाठवून दिला.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही त्याच्या घराच्या सोप्यावर जमलो होतो. फाटकातून दोघी आत आल्या. पुढे एक ठेंगणी, काळ्या कपड्यातली विधवा, डोक्यावर शिंपल्यांची टोपली. मागे वीसेक वर्षांची उंच मुलगी, पायात चपला नाहीत, खांदे एखाद्या वल्हेकऱ्यासारखे.

"शिणाण्या नकोत आज," पात्रांव मशीनवरून मान वर न करता म्हणाला.

"विकायला नाही आणल्या. तुम्हाला आणल्यात," विधवा म्हणाली. "मी साबिन. बेतूलची."

"बेतूलची? मग पिएदाद कुठंय?"

"ही काय."

पात्रांवनं मान वर केली. त्यानं मुलीकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं, अजून कुणी येतंय का म्हणून.

"ही मुलगी आहे," तो म्हणाला.

"जन्मल्यापासून," साबिन म्हणाली.

कोपऱ्यात मेस्त बोना बसला होता. त्यानं गुडघ्यावर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. बोनाबद्दल आधी सांगायला हवं. त्याचं पूर्ण नाव बोनाव्हेंतूर, धंदा सुतारकीचा, वय चव्वेचाळीस. आमच्या सगळ्या तियात्रांतली नायिका तो. वीस वर्षं. मडगांवच्या मोठ्या कंपन्यांत तेव्हा बायका होत्या, पण खेड्यातल्या कंपनीत मुलगी पाठवायला कुणी तयार नसायचं. बोना दाढी-मिशी घोटून, झगा घालून उभा राहिला की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या रुमाल काढून तयार ठेवायच्या. रडण्यात त्याचा हात धरणारा आमच्या साष्टी तालुक्यात कुणी नव्हता.

"पात्रांव, बरं झालं," तो म्हणाला. "बायको मी, नवरा ही. आता सासूच्या पार्टाला पाद्रीला विचारू."

मुलगी आता बोलली. "पार्ट पाठ केलाय मी. करून दाखवू का?"

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. आवाज तळघरातून यावा तसा आला. जाड, गोल, आणि इतका मोकळा की सोप्यावरच्या पिंजऱ्यातला पोपट दांडीवरून सरकून बसला. नंतर कळलं, की तिचा बाप बेतूल आणि मोबोर यांच्या मधे नदीवर होडी चालवायचा. पिएदाद आठव्या वर्षापासून होडीच्या टोकावर बसून उतारूंना हाका मारायची. बाप दोन वर्षांपूर्वी गेला, होडी काकाकडे गेली, पण आवाज हिच्याकडे राहिला.

तिनं पार्ट केला. म्हणजे आमचा पार्ट केलाच नाही. पात्रांवनं लिहिलेल्या दारुड्याच्या जागी तिनं आपल्या होडीतला एक दारुडा आणला. तो नदीच्या मधोमध उभा राहतो आणि होडीवाल्याला म्हणतो, "नदी जरा बाजूला घे, मला उतरायचंय." मग पाण्याला घाबरणारा शाळामास्तर आणला, जो डोळे मिटून पाढे म्हणतो. मग त्या दोघांचं भांडण. बोना हसायचा थांबून टक लावून बघायला लागला. पात्रांवनं खडू शोधला आणि समोर पडलेल्या कुणाच्या तरी पॅंटवर भराभर लिहायला घेतलं.

"उद्यापासून ये," तो म्हणाला.

"थांबा," साबिन म्हणाली. "मुलगी तियात्रात काम करते म्हटल्यावर हिला करून कोण घेणार?"

"बाईच्या पार्टाला मेस्त बोना आहे. हिला मी बाप्या करतो. मिशी लावून."

"मिशी केवढी?"

"लागेल तेवढी."

साबिननं मुलीच्या तोंडाकडे बघून मापं घेतली. "ओठ झाकला पाहिजे. आणि गालावर पण काहीतरी असू द्या. कुणी ओळखता कामा नये. आणि मी बरोबर येणार. प्रत्येक वेळी."

पत्रकावर फक्त 'कॉमेडियन पिएदाद' असं छापायचं ठरलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मिशी बोनानं बनवली. व्हार्निशच्या जुन्या ब्रशाचे केस घेऊन त्यानं कापडावर असे बेमालूम बसवले, की खरी मिशी त्यापुढे खोटी वाटावी. चिकटवायला त्याच्याकडे सरस होता. खुर्च्या चिकटतात तर मिशी का नाही चिकटणार, असा त्याचा हिशेब. पण खुर्चीला घाम येत नाही.

असोळण्याला फेस्ताच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. पहिला पडदा बरा गेला. दुसऱ्या पडद्यात दारुडा नवरा घरी येतो, बायको त्याच्या गळ्यात पडून रडते, असा प्रसंग. बोना आपल्या सवयीनं जीव ओतून गळ्यात पडला, आणि बाजूला झाला तेव्हा पिएदादची अर्धी मिशी त्याच्या खांद्यावर होती.

मी खाली बँडमध्ये बसलो होतो. मला ती अर्धी मिशी अगदी स्पष्ट दिसली, म्हणजे मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांनाच दिसली असणार. विंगेत साबिननं पदरानं तोंड झाकून घेतलं. पिएदादनं एकदा ओठाला हात लावला, एकदा बोनाच्या खांद्याकडे पाहिलं. मग तिनं सावकाश ती अर्धी मिशी उचलली, बोनाच्या हातात ठेवली आणि त्या तळघरातल्या आवाजात म्हणाली, "रडू नकोस बायको. घरात मी अर्धाच असतो म्हणून तुझी तक्रार ना? हा बाकीचा अर्धा. सांभाळून ठेव."

मैदान हसून कोसळलं. बोना वीस वर्षांत स्टेजवर कधी हसला नव्हता. त्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलताना बघून लोकांना वाटलं, काय रडतोय बिचारा. पडदा पडल्यावर पिएदादनं कांतार म्हटलं, अर्ध्या मिशीनिशीच. होडीतल्या दारुड्याचं गाणं. लोकांनी तीन वेळा परत म्हणायला लावलं. माझे ओठ सुजले, पण मी वाजवत राहिलो.

त्यानंतर मिशी दर खेळाला पडायची. आधी सरसामुळे, मग मुद्दाम.

त्या हिवाळ्यात आम्ही गावोगावच्या फेस्तांना फिरलो. ड्रेसिंगरूम म्हणजे कुणाच्या तरी घरातली एक खोली असायची, आणि तिच्या दारात साबिन स्टूल टाकून बसायची. फुलं घेऊन आलेल्या पोरींना ती सांगायची, "तो झोपलाय." पोरी फुलं ठेवून जायच्या. साबिन ती घरी आल्तारावर वाहायची.

जानेवारीत एका शनिवारी मी नवं कांतार बसवायला बेतूलला गेलो होतो. पिएदाद नदीवर गेली होती, मी ओट्यावर बसून ट्रंपेट पुसत होतो. तेवढ्यात एक गृहस्थ आले. कोट, टोपी, हातात फेणीची बाटली आणि काखेत कोंबडा. माझ्याकडे त्यांनी टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं आणि जरा निराश झाल्यासारखे दिसले.

"आपणच का पिएदाद?"

"मी ट्रंपेट," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. साबिन बाहेर आली. गृहस्थ म्हणाले, "मी लुसियान, वेळी गावचा. माझे माड आहेत, भात आहे, आणि एकच मुलगी आहे. अरोरा. तिनं तुमच्या मुलाचं तियात्र चार वेळा पाहिलं, एकदा मीही, मागच्या रांगेतून. आता तिला दुसरा कुणी नको. मी म्हटलं, दारुड्याचं काम करणारा माणूस, खरंच पीत असला तर? म्हणून स्वतः चौकशीला आलो."

साबिननं त्यांना बसायला खुर्ची दिली, कोंबडा घेतला, परत त्यांच्याच हातात दिला. मी ट्रंपेट पुसत राहिलो, जे आता आरशासारखं झालं होतं.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन पिएदाद आली. गुडघ्यापर्यंत चिखल, ओला झगा. लुसियान उठून उभे राहिले. "ही बहीण वाटतं? खांदे अगदी भावाचे."

"हो," साबिन म्हणाली. एवढंच म्हणाली बिचारी.

"बाय," लुसियान प्रेमानं म्हणाले, "तू खोटं सांगणार नाहीस. तुझा भाऊ पितो का गं?"

पिएदादनं टोपली खाली ठेवली आणि उत्तर दिलं, "फक्त स्टेजवर."

तो आवाज लुसियाननी मागच्या रांगेतून ऐकलेला होता. मग त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत खुर्चीत बसले.

"अरोरानं आठ दिवस नीट जेवण केलेलं नाही," ते म्हणाले.

"तिला घेऊन या इथं," पिएदाद म्हणाली. "मी बोलते तिच्याशी. शिणाण्या खाऊ घालते."

लुसियान हसायला लागले. आधी हळू, मग कोंबडा हातातून सुटेपर्यंत. फेणी तिथेच उघडली आणि दोन घोट मलाही दिले. जाताना साबिननं त्यांना हात जोडून सांगितलं, "हे कुणाला सांगू नका." त्यांनी वचन दिलं, आणि घरी पोचेपर्यंत वाटेतल्या दोन खानावळींत आणि एका न्हाव्याकडे सांगितलं. सोमवारी चिंचिणीच्या पंचायतीत माझ्या टेबलापुढे लोक दाखले सोडून हीच चौकशी करत होते.

अरोरा खरंच आली पुढच्या आठवड्यात. दोघींत काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण नंतर ती दर खेळाला यायची आणि पिएदादची मिशी आपल्या हातानं चिकटवायची.

साबिनला वाटलं आता सगळं संपलं. झालं उलटंच. आधी जेवढी गर्दी होती तिच्या दुप्पट झाली. लोक पैजा लावून यायचे, बाई की बाप्या. आणि कार्निव्हलच्या आधी मडगांवहून बेनितो नावाचा कंत्राटदार आला. थिएटर त्याचं नव्हतं, पण तारखा त्याच्या हातात असायच्या. रविवारची दुपार तो आम्हाला द्यायला तयार होता. मडगांवच्या स्टेजवर आमची कंपनी कधी उभी राहिली नव्हती.

"पण एक अट," बेनितो म्हणाला. "तुमच्याकडे खरी मुलगी आहे हे आता सगळ्या साष्टीला माहीत आहे. मग नायिका सुतार कशाला? मडगांवचे लोक हसतील. मुलीला बायको करा. सुताराला नवरा करा. नाहीतर राहू दे."

पात्रांवनं मला बरोबर नेलं बोनाला सांगायला. बोना दाराची चौकट रंधत होता. त्यानं सगळं ऐकलं, रंधा खाली ठेवला नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जिची वस्तू तिला."

"तसं नाही, बोना."

"तसंच आहे, पात्रांव. मी काय, लाकडाला वॉलनटचा रंग द्यायचो. आता खरं वॉलनट मिळालं." आणि रंधा पुन्हा चालू झाला, जरा जोरात.

तालमी सुरू झाल्या आणि आम्हाला कळलं की खऱ्या लाकडाची अडचण वेगळीच आहे. पिएदादला बाई करता येईना. ती स्टेजवर यायची ती होडीत उडी मारल्यासारखी. नवऱ्यापुढे हात जोडायची तेव्हा वाटायचं, आता याला उचलून पाण्यात टाकते. रडायची ती होडीतलं पाणी उपसल्यासारखी, जोर लावून. पात्रांव म्हणायचा, "बाय, जरा नाजूक." मग ती पाय जवळ जवळ टाकायची आणि धडपडायची.

"मी बाईच आहे," ती एकदा वैतागून म्हणाली. "मी जशी चालते तशीच बाई चालते."

"बेतूलला चालत असेल," पात्रांव म्हणाला.

बोना एका बाजूला आपल्या नव्या मिशीला हात लावत बसलेला असायचा. चौथ्या दिवशी तिचं रडणं चालू असताना तो उठला आणि तडक निघून गेला. आम्हाला वाटलं, गेला हाही जोकिमच्या वाटेनं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं पिएदादला निरोप पाठवला, कारखान्यात ये म्हणून. साबिनबरोबर मीही गेलो, कारण पात्रांवला दोघांची मारामारी होईल अशी भीती होती.

"वाकडं दार मला बघवत नाही," बोना तिला म्हणाला. "दुसऱ्या सुतारानं केलेलं असलं तरी मी जाऊन सरळ करतो. तुझं रडणं वाकडं आहे. बस इथं."

ती भुशावर बसली.

"बाई रडते तेव्हा काय करते?"

"रडते."

"नाही. काम करते. रडायला वेळ कुणाला आहे? तांदूळ निवडते, आणि मधेच हात थांबतो. तेवढंच. हात थांबला की लोक रडतात. तू कशाला रडतेस त्यांच्या वाटणीचं?"

त्यानं खिळ्यांचा डबा पुढ्यात ओढला आणि खिळे निवडायला लागला. वाकडे एकीकडे, सरळ एकीकडे. पाच-सहा खिळे झाले आणि त्याचा हात थांबला. बस. अंगात नुसता बनियन, भुशानं माखलेले केस, गालावर दोन दिवसांची दाढी. साबिननं नाक ओढलं.

त्याची बायको एस्पेरांस चहा घेऊन आली होती. ती दारातच उभी राहिली. "हे माझं आहे," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा मी अशीच बसले होते. वीस वर्षं हा माझ्याकडे टक लावून बघतोय. मला वाटायचं, प्रेमानं."

"प्रेमानंच," बोना खिळ्यांकडे बघत म्हणाला. "बाकी पण होतं."

पंधरा दिवस पिएदाद रोज तिथे जायची. त्यानं तिला जिना चढताना झगा कसा उचलायचा, उपाशी असताना वाढायचं कसं, रागावल्यावर दार किती हळू लावायचं, सगळं शिकवलं. बदल्यात तिनं त्याला बाप्यासारखं बसायला शिकवलं. गुडघे लांब, पाठ मागे. ते त्याला जमेना. "इतकी जागा कशाला व्यापायची?" तो विचारायचा.

राहिलं गाणं. शेवटच्या पडद्याआधी नायिकेचं एक दुःखी कांतार होतं, बोनाच्या कोवळ्या, बारीक आवाजासाठी बांधलेलं. त्याची पट्टी वरची. पिएदाद तिथपर्यंत पोचायची, पण पोचताना तिची मान ताणायची आणि आवाज शिट्टीसारखा व्हायचा. मी पात्रांवला म्हटलं, पट्टी खाली घेऊ. तो म्हणाला, "इनास, नायिका आहे ती. बैलगाडी नाही. बेनितो पहिल्या रांगेत बसणार आहे."

रविवारी दुपारी चार वाजता मडगांवचा पडदा उघडला. साबिन विंगेत स्टूलावर. एस्पेरांस पहिल्यांदाच नवऱ्याचं तियात्र बघायला प्रेक्षकांत, लुसियान आणि अरोरा तिच्या शेजारी.

बोना दारुडा नवरा होऊन आत आला. गुडघे लांब, पाठ मागे, सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यानं दोन्ही हातांनी मागचा नसलेला झगा सावरला.

थिएटर हसलं. बोनाला कळलंच नाही का हसले ते. पुढे उंबरा ओलांडताना त्यानं चिमटीनं तोच झगा पुन्हा उचलला. मग तर शिट्ट्या सुरू झाल्या. मडगांवच्या लोकांना वाटलं, काय बारीक विनोद आहे, घराबाहेर वाघ आणि उंबऱ्यात बाई. बोना विंगेत आला तो रागानं लाल. "मला हसतायत," तो म्हणाला.

"हसू दे," पिएदाद म्हणाली. "अजून एकदा उचल."

ती स्वतः त्या दिवशी कशी झाली हे मी नीट सांगू शकत नाही, कारण बराच वेळ मी तांदळाच्या सुपाकडेच बघत होतो. तिनं बोनासारखं केलं नाही. आपलंच केलं, पण हात बरोबर जागी थांबला. समोरच्या रांगेत बेनितोची बायको रुमाल शोधत होती.

मग कांतार. ती पुढे येऊन उभी राहिली आणि तिनं खाली माझ्याकडे पाहिलं. होडी सुटायच्या आधी उतारू बघतात ना पाण्याकडे, तसं. मी ट्रंपेट ओठाला लावलं. सुरुवातीचे सूर माझे एकट्याचे असायचे, बाकीचे मागून यायचे. मी ते चांगले चार सूर खाली वाजवले. ड्रमवाल्याला फरक पडला नाही. बासवाल्यानं माझ्याकडे डोळे वटारले आणि मुकाट्यानं मागून आला. विंगेत पात्रांवनं दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले मला दिसले.

पिएदादची मान सैल झाली. ती गायला लागली, आपल्या आवाजात. पहिल्या ओळीला मागून कुणीतरी हसलं. एवढी सुंदर दिसणारी नायिका आणि हा आवाज. दुसऱ्या ओळीला एकजण त्याला गप्प बस म्हणाला. तिसऱ्या ओळीनंतर मला फक्त ती आणि माझं ट्रंपेट ऐकू येत होतं. असा आवाज असलेली बाई रडत नाही, ती उभी राहते, हे त्या गाण्यात पात्रांवनं कुठेच लिहिलं नव्हतं. पण लोकांना ते ऐकू गेलं. तीन वेळा परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा पात्रांव स्वतः विंगेतून मला हातानं खुणावत होता, खाली, अजून खाली.

बेनितोनं पुढचे चार रविवार दिले. वर्षभरात मडगांवच्या मोठ्या कंपन्यांतून तिला बोलावणी आली आणि ती गेली, जायलाच हवं होतं. तिच्यासाठी खालच्या पट्टीतली कांतारं लिहिली जाऊ लागली, आणि वरची पट्टी न पोचणाऱ्या बऱ्याच मुली मग गायला धजल्या. लग्न तिनं पस्तिसाव्या वर्षी केलं, आगबोटीवरच्या एका स्वयंपाक्याशी. तो वर्षातले दहा महिने समुद्रावर असायचा आणि त्यामुळे दोघांचं उत्तम चाललं. बोना आमच्याकडेच राहिला. दुसऱ्या रविवारपासून तो झगा मुद्दाम उचलायला लागला होता, आणि पुढे लोक त्याला झग्याचा नवरा म्हणूनच ओळखायचे. एस्पेरांस मात्र त्याला घरात स्वतःकडे टक लावून बघू द्यायची नाही. "काय हवंय ते विचार," म्हणायची, "बघू नकोस."

पण मला त्या पहिल्या मडगांवच्या रविवारनंतरचा परतीचा प्रवास जास्त आठवतो. पात्रांवनं एक गाडी ठरवली होती. सगळे दाटीवाटीनं बसलेलो, ड्रम माझ्या मांडीवर, पिएदाद अरोराच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली. साबिन पुढे पात्रांवच्या शेजारी. मुलीचं तोंड सगळ्या मडगांवनं पाहिलं, आता रडारड होणार, असं मी मनात धरून होतो.

नावेलीपाशी ती बोलली. "पात्रांव, तुमच्या तियात्रात सासूचा पार्ट कोण करतो तो?"

"मिंगेल. का?"

"त्याच्या हातावर केस आहेत."

"मग?"

"मग काही नाही," साबिन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "सासू मलाही होती. बारा वर्षं. तिची चाल, तिचं खोकणं, किल्ली कमरेला खोवणं, सगळं माझ्याकडे आहे. वाया चाललंय."

पात्रांवनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून खडू काढला आणि लिहायला काही सापडेना म्हणून ड्रायव्हरच्या पाठीकडे बघायला लागला.

"किती वाजता असते तालीम?" साबिननं विचारलं.